नवरा-बायकोत एकच पेडल

आदरणीय मिल्टनराव,

कार्लीनचा, माझा आणि या कागदाच्या अर्ध्या भागावर ठाण मांडून बसलेल्या मांजराचा तुम्हाला व इनेझवहिनींना नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? तुम्ही अंगणातल्या निवडुंगाशेजारी उघडेबंब बसलेला फोटो पाठवलात, तो कार्लीनने कौतुकाने फ्रिजच्या दारावर लावला आहे. एप्रिल संपत आला तरी आमच्याकडे बर्फ खिडकीच्या काठाला टेकलेला आहे, सरोवरावरून येणारा वारा कानशिलं सोलून काढतो, आणि अशा हवेत रोज सकाळी फ्रिजमधून दूध काढायला गेलं की आधी तुमच्या पोटाचं दर्शन घ्यावं लागतं. राग मानू नका. अ‍ॅरिझोनात तुम्ही सुखात आहात हे पाहून बरंच वाटतं.

फोन करायचं सोडून हा माणूस पत्र का लिहीत बसला, असं तुमच्या मनात येईल. एक तर गोष्ट लांब आहे, आणि फोनवर मी लांबलो की तुम्ही हवामानावर जाता. दुसरं म्हणजे गोष्ट तुमच्या बहिणीची, कार्लीनची आहे. तिला पहिली गिटार तुम्ही घेऊन दिलीत, तेव्हा ती काय वाजवते आणि कशातून वाजवते हे कळण्याचा तुमचा हक्क आहे. ईस्टरच्या फोनवर तिने एवढंच सांगितलं असणार की आम्ही आवाज मोठा करणारे जड अ‍ॅम्प काढून टाकले आणि दोघांत मिळून एक पेडल घेतलं. ते खरं आहे. पण लढाईवरून आलेल्या माणसाने 'जरा बाहेर जाऊन आलो' म्हणावं, तितपत खरं आहे.

हिवाळ्याच्या तोंडाशी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तिथून सगळं सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "यापुढे मांजराहून जड काही उचलायचं नाही." (त्यांनी आमचं मांजर पाहिलेलं नाही, त्यामुळे मला थोडी सूट मिळते.) आता माझ्या बेस गिटारचं स्पीकरचं खोकं तुम्हाला ठाऊकच आहे, तुम्ही इथे होतात तेव्हा आपण दोघं ते जिन्यावरून उतरवायचो आणि उतरवून झाल्यावर एकमेकांशी थोडा वेळ बोलायचो नाही. कार्लीन म्हणाली, त्यात काय, मी एकटी नेते. चर्चच्या तळघरात कोणाच्या तरी निवृत्तीचं जेवण होतं. तिने खोकं चाकांवर घेतलं, चर्चच्या उतारावर आणलं, आणि तिथे बर्फाचा आरसा झालेला. पुढचं मी फक्त पाहिलं. खोकं तिच्या हातून सुटलं, अगदी शांतपणे, घाई न करता उतार उतरलं, रस्ता ओलांडला (एक गाडी त्याला वाट द्यायला थांबलीसुद्धा) आणि पलीकडच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात तोंड खुपसून नाहीसं झालं. आमचा ड्रमवाला गस बेसोलो तिथेच उभा होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

मग गसनेच विषय काढला. गस आयुष्यभर टपाल वाटत हिंडला, त्यामुळे हलकं ओझं म्हणजे काय हे त्याला कळतं. म्हणाला, "वय झालं आपलं, आता ते मान्य करा. हल्ली लोक अ‍ॅम्प घेऊन फिरत नाहीत, अ‍ॅम्पचा फोटो घेऊन फिरतात." त्याला म्हणायचं होतं ते हे पेडल. बुटांच्या खोक्याहून लहान डबी, वर पायाने दाबायची बटणं, आणि पोटात जगातल्या सगळ्या नामांकित अ‍ॅम्पांची नक्कल: कोणता कसा तापतो, कोणता जोरात वाजवला की गुरगुरतो, कोणाचा स्पीकर कसा घुमतो. गिटार त्या डबीला लावायची आणि डबीतून वायर थेट हॉलच्या स्पीकरांना. उचलायचं काही नाही. मला ऐकूनच पोटात बरं वाटलं. कार्लीन मात्र म्हणाली, "फोटोला मिठी मारता येत नाही." ती तिच्या अ‍ॅम्पबद्दल बोलत होती. माझ्याबद्दल ती असं बोललेली मला आठवत नाही.

आम्ही मार्केट शहरात गेलो. तिथल्या वाद्यांच्या दुकानात लॉइड नावाचा गृहस्थ आहे, वरून टक्कल आणि मागे वेणी. त्याने तीन-चार पेडलं मांडली. नक्कल करणाऱ्यांना खऱ्या अ‍ॅम्पांची नावं वापरायची चोरी, म्हणून त्यांनी टोपणनावं ठेवलेली असतात: कोणी 'काळा सरदार', कोणी 'लंडनची वीज', कोणी 'म्हातारा ट्वीड'. कार्लीनने चष्मा लावून ती सगळी वाचली आणि लॉइडला विचारलं, "हे अ‍ॅम्प आहेत की शर्यतीतले घोडे?" लॉइड गंभीर माणूस. तो म्हणाला, "नावं वाचू नका बाई, आणि किती अ‍ॅम्प भरलेत तेही मोजू नका. तुम्हाला एक आवडीचा लागेल आणि एक अडीनडीला. आणि घरात हळू आवाजात जे गोड लागतं ते हॉलमध्ये तसं लागत नाही, हे ध्यानात ठेवा. ढोलाशेजारी उभं राहून ठरवा." मला वाटतं आमच्या सबंध कहाणीत शहाणपणाचं बोलणारा तेवढा एकच माणूस होता, आणि आम्ही त्याचं ऐकलं नाही.

पहिलं पेडल घरी आणलं आणि कार्लीनच्या खऱ्या अ‍ॅम्पला लावलं. आवाज आला तो असा की कोणी तरी रजई पांघरून वाजवत असावं. कार्लीन म्हणाली, धार नाही. मलाही तसंच वाटलं. परत करायला गेलो तेव्हा लॉइडने कपाळाला हात लावला. झालं होतं असं की अ‍ॅम्पचा निम्मा आवाज त्याच्या लाकडी खोक्यात असतो, म्हणून पेडल खोक्याचीही नक्कल करतं. आणि आम्ही तो नकली खोक्यातून आलेला आवाज पुन्हा खऱ्या खोक्यात कोंबला होता. कोटावर कोट. (घरी येऊन आम्ही पेडलच्या आतलं नकली खोकं बंद केलं आणि उत्साहाच्या भरात वायर अ‍ॅम्पऐवजी गसच्या मोठ्या स्पीकरला लावली. तिथे मात्र ते खोकं चालू हवं असतं. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाश्या कोंडल्यासारखा आवाज झाला आणि मांजर दोन दिवस पलंगाखालून निघालं नाही.) एवढं करून, सगळं जिथल्या तिथे जोडूनही कार्लीन म्हणाली, बोथट आहे. ते परत केलं. दुसरं आणलं. माझ्या बेसला ते फार छान होतं. बेसचा आवाज जरा फाडला की गुरगुर येते पण खालचे सूर हरवून गाण्याच्या पायाखालची जमीन जाते, तेव्हा साधा आवाज तसाच ठेवून त्यात फाटका आवाज चवीपुरता मिसळायचा असतो, आणि ते त्या डबीला सुरेख जमायचं. कार्लीन म्हणाली, बोथट आहे. तेही परत गेलं.

तिसरं आणलं ते दोन तोंडांचं. एका बाजूने गिटार लावा, दुसऱ्या बाजूने बेस. आत दोघांसाठी वेगळे अ‍ॅम्प. लॉइड म्हणाला, नवरा-बायकोसाठी याहून सोयीचं काही नाही. (लॉइडचं लग्न झालेलं नाही.)

लाकूडतोड्यांच्या जुन्या हॉलमधले ईस्टरपर्यंतचे, मटण वर्ज्य असलेले शुक्रवार तुम्हाला आठवत असतील: तळलेले मासे, कोबीची कोशिंबीर, पावाची चळत आणि कोपऱ्यात आपला बँड. तो हॉल म्हणजे आमचं सगळं काही आहे. उन्हाळ्यात इथे लग्नं लागतात, पण हिवाळ्यात त्या शुक्रवारांशिवाय कार्लीनला घराबाहेर काढणारं दुसरं काही नाही. पहिल्या शुक्रवारी आम्ही ती डबी दोघांच्या मध्ये ठेवली. दुसऱ्याच गाण्यात कार्लीनचा एकटीचा तुकडा आला, आणि तिने आवाज वाढवायला बटण दाबलं. त्याच बटणाला माझाही अ‍ॅम्प बांधलेला आहे हे आम्हा दोघांना माहीत नव्हतं. माझ्या बेसमधून विहिरीत पडलेल्या हत्तीसारखा आवाज आला. मी घाबरून दुसरं बटण दाबलं, तर कार्लीनच्या गिटारमधून चर्चचा ऑर्गन सुरू झाला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दाबलं. असं थोडा वेळ दोघांनी पायांनी भांडण केलं. रांगेतले लोक ताटं घेऊन थांबले. गसची ढोलाची एक काठी हसता हसता सुटली ती कुणाच्या तरी टार्टर सॉसच्या वाटीत उभी राहिली.

ते मी नंतर दुरुस्त केलं. बटणं वाटून घेतली, डावीकडची तिची, उजवीकडची माझी. खरी अडचण वेगळी निघाली. पुढच्या टेबलावरचे लोक तोंड वाकडं करत होते. कार्लीनच्या गिटारचा वरचा आवाज सुरीने ताट खरवडल्यासारखा येत होता. एका आजींनी कानातली यंत्रं काढून कोशिंबिरीच्या वाटीशेजारी ठेवली. मी मध्येच वाकून कार्लीनला म्हटलं, वरचा सूर जरा कमी कर. ती म्हणाली, "कमी? मला तर अजून ऐकूच येत नाहीये नीट." मी समजलो की हॉलचा दोष असेल, उभं राहायच्या जागेचा असेल, लॉइड म्हणाला तसं घर आणि हॉल यातला फरक असेल. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. हॉल सांभाळणारी डोरीन भिडस्त नाही. मासे तळता तळता चिमटा हातात घेऊनच आली आणि मला बाजूला नेऊन म्हणाली, "रसेल, माझे लोक बाहेर गाडीत बसून जेवायला लागलेत. एक तर ती तार खाली आण, नाही तर पुढच्या वेळेपासून मी अ‍ॅकॉर्डियनवाल्याला बोलावते." घरी येताना मी हे कार्लीनला सांगितलं. ती म्हणाली, डोरीनचं सगळं आयुष्य तेलाच्या आवाजात गेलंय, तिला संगीतातलं काही कळत नाही. 

मिल्टनराव, आता तुम्हाला जे सांगतो ते सांगायला मला थोडं जड जातंय. त्या रविवारी दुपारी मी तळघरात डबी उघडून बसलो. तिच्या छोट्या पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे. कार्लीनची रेघ शेवटाला स्कीच्या उडीसारखी वर गेलेली होती. चुकून बटण फिरलं असेल म्हणून मी ती सपाट केली. कार्लीन पिठाचे हात पुसत खाली आली, गिटार गळ्यात घातली, चार सूर वाजवले, नाक मुरडलं, आणि रेघेकडे न बघता, नुसत्या कानाने, बटण फिरवत फिरवत रेघ पुन्हा बरोबर तिथेच नेऊन ठेवली. चूक नव्हती ती. नेमकेपणा होता. मी काही बोलणार एवढ्यात तिच्या डोक्यावरचं, धुराचा इशारा देणारं यंत्र बारीक 'चीं' करून किंचाळलं. बॅटरी संपत आली की ते मध्ये मध्ये असं करतं. आठवडाभर करत होतं, आणि कार्लीनसारख्या बाईने अजून ती बदलली कशी नाही याचं मला नवल वाटत होतं. यंत्र पुन्हा किंचाळलं. ती खाली मान घालून तार जुळवत होती. तिसऱ्यांदा किंचाळलं. तिची पापणीही हलली नाही.

तुम्हाला आठवतं ना, ती काउंटीच्या रस्तेखात्यात रेडिओवर बसायची? वादळात बर्फ काढणाऱ्या सगळ्या गाड्या तिच्या आवाजावर चालायच्या. खरखरीतून नुसता खोकला ऐकून ती ओळखायची की कोण आहे आणि कुठल्या रस्त्यावर अडकलाय. या बाईचे कान म्हणजे आपल्या भागातली एक सार्वजनिक सोय होती. ती वर गेल्यावर मी स्टुलावर चढलो आणि बॅटरी काढून खिशात टाकली. का टाकली, ते मला नीट सांगता येणार नाही. पुरावा लपवावा तशी टाकली.

सांगायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण कसं? आपण कधी तिला काही ऐकवलं आहे का? त्याऐवजी मी डबीसोबत आलेलं पुस्तक वाचत बसलो (मी, ज्याने कपडे धुण्याच्या यंत्राचंही पुस्तक उघडलेलं नाही) आणि त्यात मला एक सोय सापडली. त्या डबीतून हॉलच्या स्पीकरांना जाणारा आवाज वेगळा ठेवता येतो आणि हेडफोनला जाणारा वेगळा. मी कार्लीनला कानात घालायचे हेडफोन आणून दिले. सांगितलं, सगळे मोठे वादक हल्ली असंच करतात. तिच्या कानात तिची रेघ तशीच ठेवली, स्कीच्या उडीसकट. हॉलला मात्र ती सपाट करून दिली.

पुढचा शुक्रवार इतका सुंदर गेला की काय सांगू. लोक गाडीतून आत आले. एक जोडपं माशांच्या रांगेतच नाचलं. डोरीनने मला आणि गसला जादा मासा वाढला. कार्लीन घरी येताना गाडीत गुणगुणत होती. म्हणाली, "बघितलंस? धार हवीच होती. आता आली तर सगळे खूश." मी म्हटलं, हो. नंतर मी त्या 'हो'वर बराच विचार केला. एकच गाणं, एकाच तारेवर वाजलेलं, आणि तिला एक ऐकू येतंय, लोकांना दुसरं, आणि मध्ये मी बसलोय दोघांना आपापलं पुरवत. कोणाचं काही बिघडत नाही. सगळे सुखी. मग मला आत काहीतरी टोचत का होतं? मला वाटतं, एवढी वर्षं आम्ही एकत्र वाजवतो याचा अर्थ, निदान तेवढा वेळ तरी, आम्ही दोघं एकच गोष्ट ऐकत असतो असा मी धरून चाललो होतो. आता मी तिच्या शेजारी उभा होतो आणि ती दुसऱ्याच हॉलमध्ये होती. आणि तिला तिथे मीच नेऊन सोडलं होतं.

हे असं दोन-तीन शुक्रवार चाललं. ईस्टरनंतर गसच्या बहिणीच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याच हॉलमध्ये जेवण होतं. गाणं चालू असताना गसची बहीण कार्लीनच्या कानात काहीतरी सांगायला वाकली, आणि ते ऐकायला कार्लीनने एका कानातला हेडफोन काढला. वाजवणं थांबलं नाही तिचं. पण मी तिचा चेहरा पाहिला. तिने तो हेडफोन पुन्हा घातला. पुन्हा काढला. दुसराही काढला. गाणं संपेपर्यंत ती हॉलच्या स्पीकरांकडे पाहत वाजवत राहिली, एखाद्या ओळखीच्या माणसाने रस्त्यात ओळख न दाखवल्यावर बघावं तसं.

मध्यंतरात तिने मला कोट टांगायच्या बोळात गाठलं.

"काय केलंस तू?"

"कशाचं?"

"रसेल, आयुष्यभर मी रेडिओवर पुरुषांच्या थापा ऐकल्यात. डिझेल संपलं म्हणणारा कुठल्या बारमधून बोलतोय ते मला कळायचं. काय केलंस?"

मी सांगितलं. सगळं, खिशातल्या बॅटरीसकट. ती ऐकत होती. मग म्हणाली, "गसला माहीत आहे?"

"हो."

"डोरीनला?"

मी कोटांकडे पाहिलं.

"म्हणजे आख्ख्या हॉलला माहीत होतं, फक्त गिटार वाजवणारीला नव्हतं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "कान गेले तर गेले रे. वय झालं, जातात. पण तू मला वेगळं ताट वाढलंस. लहान मुलाला पाण्यात सरबताचे दोन थेंब घालून देतात ना, सगळ्यांबरोबर पितोय असं वाटावं म्हणून? तसं."

आणि कोट न घेताच बाहेर जाऊन आमच्या गाडीत बसली. मी मागे निघालो तर गसने दंड धरला. म्हणाला, "जाऊ नकोस. ती आता गाडी सुरू करेल किंवा करणार नाही. दोन्हीत तुझं काही काम नाही." मी खिडकीतून पाहत राहिलो. गाडीच्या काचेवर तिच्या श्वासाची वाफ जमत गेली आणि ती दिसेनाशी झाली. त्या वेळी मला खरोखरच वाटलं, मिल्टनराव, की ती आता गिटार पेटीत ठेवेल आणि पुन्हा काढणार नाही. तिचा स्वभाव तुम्ही जाणता. विणकाम सोडलं तेव्हा स्वेटर एका बाहीवरच सोडला होता तिने.

ती परत आली तेव्हा केक कापून झाला होता. केसांवर बर्फ होता. ती सरळ आमच्या कोपऱ्यात गेली, हेडफोन गुंडाळून पेटीत टाकले, गुडघे टेकून डबीजवळ बसली आणि मला म्हणाली, "ये इकडे. दोन्हीकडचं एकच कर. आणि सांग, कुठे ठेवू?"

मी म्हटलं, "खाली आण."

"इथे?"

"अजून."

"इथे?"

"अजून थोडं."

तिने तार छेडली. कान तिरका करून थांबली. "इथे मला वरचं काही म्हणजे काहीच ऐकू येत नाही रे."

"मला येतंय."

ती माझ्याकडे बघत राहिली, बाजारात मासा ताजा आहे का हे बघावं तशी. मग उठली, पट्टा खांद्यावर घेतला आणि गसला मान हलवून इशारा केला.

पुढचं सगळं तिने तसंच वाजवलं. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला एकदा माझ्याकडे पाहायची, मी मान हलवायचो, मग पुढे जायची. तिच्या हातांना सगळं ठाऊक आहे, पण ठाऊक असणं वेगळं आणि स्वतःचा आवाज अर्धाच ऐकू येत असताना शेजारच्याच्या मानेवर भरवसा ठेवून हॉलभर लोकांसमोर वाजवणं वेगळं. इतकं जपून, इतकं हळुवार वाजवताना मी तिला पूर्वी ऐकलं नव्हतं. माझ्या बेसवर त्या दिवशी काय काय चुकलं ते गसला विचारा. मी माझ्याकडे लक्षच देत नव्हतो. गसची बहीण आणि तिचा नवरा नाचत होते. आणि मी मान हलवत होतो, इतकी की दुसऱ्या दिवशी शेकावी लागली.

तर पेडल आता असं चालतं: डबी एक, रेघ एक, हेडफोन कोणालाच नाहीत. तुम्ही कधी असं काही घेणार असाल तर माझा सल्ला लॉइडचाच आहे, फक्त एक भर घालून: कोणाच्या कानांनी निवडताय हे आधी ठरवा. बाकी सगळं क्षेम. वहिनींना माझा नमस्कार सांगा, गुडघ्याला शेक चालू ठेवा, आणि पुढच्या फोटोत शर्ट घाला.

सरोवरावरचा बर्फ फुटण्याची वाट पाहणारा,
तुमचा मेहुणा,
रसेल ट्रेव्हॅरो

ता. क. : मिल्टनराव, वरचं सगळं वाचलंत तर आता खरं काम सांगतो. कार्लीन कान तपासायला जायला तयार नाही. विषय काढला की म्हणते, "दादा माझ्याहून मोठा, तो कुठे काय घालून फिरतो?" आणि इनेझवहिनींनी मला ईस्टरला हळूच सांगितलं की तुमच्यासाठी केलेली कानाची यंत्रं गेलं वर्षभर मोज्यांच्या कप्प्यात पडून आहेत. हात जोडून विनंती आहे. जूनमध्ये या, आणि येताना ती कानात घालून या. तिला उपदेश करू नका, शब्दही बोलू नका. फक्त केस बारीक कापून या, म्हणजे दिसतील.

ता. क. दुसरा : यातलं काहीही कार्लीनला कळता कामा नये. पत्र मी गसच्या हाती टपालात टाकायला देतोय. त्याच्याइतका भरवशाचा माणूस नाही.

ता. क. तिसरा, कार्लीनच्या हातचा : दादा, गसने पत्र थेट मला आणून दिलं. टपाल कोणाचं कुठे पोचायला हवं हे त्याला चांगलं कळतं. रसेलने लिहिलंय त्यातलं बरंचसं खरं आहे, म्हणून मी काही खोडत नाही. तुला सांगायचं ते एवढंच की मी कान तपासून आले. गसनेच गाडीने नेलं. निकाल रसेल म्हणतो तसाच लागला, जरा जास्तच. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत, केसांखाली, आणि रसेलला अजून पत्ता नाही. (बाकी आख्ख्या गावाला आहे. फिटंफाट.) तेव्हा तू जूनमध्ये ये, तुला वाटलं तर कानात घालून ये, नाही तर आपण ओरडून बोलू, आपल्या घरात तसंही कोण हळू बोलायचं.

आणखी एक. यंत्रं घातली त्या पहिल्या दिवशी कागदी पिशवी एवढ्या जोरात कडाडली की मी दचकले. मग काल आम्ही तळघरात वाजवायला बसलो. दादा, रसेल बेस वाजवताना दातांतून शीळ घालतो. बारीक, सुईसारखी, आणि सुरापासून जरा वरच. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. गस म्हणतो, पुढचा दात नवा बसवला तेव्हापासून. म्हणजे एवढी वर्षं सगळा हॉल हे ऐकतोय आणि त्याला कोणी सांगितलेलं नाही. मी सांगणार होते. तोंड उघडलं होतं. पण तो डोळे मिटून वाजवत होता आणि चेहऱ्यावर असा काही भाव होता की मला ते जमेना. मी केस सारखे करायच्या निमित्ताने हात वर नेला आणि त्याच्या बाजूच्या कानातलं यंत्र बंद केलं. थोडा वेळ तशीच वाजवत राहिले. मग राहवेना, पुन्हा चालू केलं.